बगलेतली कळी

दुकान उघडलं की आधी खिडकी उघडायची आणि मग तोंड, असा त्या घरातला शिरस्ता होता. खिडकी पूर्वेची. ती डाव्या अंगाला घेऊन मास्तरीणबाईंचं शिवणयंत्र पन्नासएक वर्षं एकाच जागी ठाण मांडून होतं. सकाळचं ऊन सुईवर पडायचं आणि सुईआधी त्यांच्या डाव्या हातावर. लुगड्यावर पुऱ्या बाह्यांचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गळ्यात टेप. ती गळ्यातलीच टेप त्या दिवसातून कितीदा तरी टेबलावर शोधायच्या, आणि सून हसली की स्वतःच म्हणायच्या, "काखेत कळसा अन् गावाला वळसा! माहीत आहे, माहीत आहे."

त्यांना मास्तरीण म्हणायचे ते शाळेमुळे नव्हे. नवरा शिंपी, म्हणून तो मास्तर. तो ऐन उमेदीत गेला तेव्हा पदरात दोन मुलं आणि टेबलावर अर्धा बेतलेला कोट होता. बाईंनी तो कोट पुरा केला, आणि त्या दिवसापासून मास्तरकीही त्यांच्याकडेच आली. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मधे पडदा, पडद्यामागे घर. धाकटा मुलगा परगावी नोकरीला. थोरला, त्याची बायको आणि आई, असे तिघं मिळून दुकान चालवायचे.

सुनेला बेतायला शिकवलं ते सासूनंच. पण कैचीच्या आधी तिला एक नियम शिकवला होता, आणि तो तिनं जन्मभरासाठी गाठीला बांधला होता. माप घेताना डोळे उघडे, तोंड बंद. माणसं येतात ती कुणी एका खांद्यानं उतरलेली, कुणी पोटानं पुढे आलेली, कुणाच्या पाठीला कुबड. शिंप्यानं ते सगळं पाहायचं, कापडात सामावून घ्यायचं आणि जिभेवर आणायचं नाही. नवी नवरी असताना ती एका कंत्राटदाराला म्हणाली होती, "काका, पोट जरा वाढलंय." तो गेला तो गेलाच. त्या संध्याकाळी सासूनं जवळ बसवून सांगितलं, "अगं, ते पोट त्याच्या बायकोला दिसत नाही, मग तुलाच बरं दिसलं! अंग कधी चुकत नाही, कापड चुकतं. आपण कापड दुरुस्त करायचं."

म्हणूनच त्या उन्हाळ्यात सासूनं बाह्या दुमडणं सोडलं तेव्हा सुनेनं ते पाहिलं, पण विचारलं नाही. अंगाची लाही होत होती, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता, आणि मास्तरीणबाई मनगटापर्यंत बटण लावून काज करत बसल्या होत्या.

दिसलं ते हात धुताना. मनगटाच्या वर चार बोटांवर एक गाठ. सदऱ्याच्या बटणाएवढी, लालसर जांभळी, वरून चकचकीत.

"आई, हे काय?"

"काही नाही गं. किडाबिडा चावला असेल."

"दुखतं का?"

"छे, दुखत नाही मुळीच," असं म्हणून त्यांनी बाही खाली ओढली.

दुखत नाही. हे दोन शब्द पुढे त्या घरात इतक्या वेळा बोलले गेले, की आता सुनेला ते कुणाच्याही तोंडून ऐकवत नाहीत.

तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याला रक्तदाबाच्या गोळ्या आणायला घरच्या डॉक्टरांकडे जायचंच होतं, जाता जाता त्यानं आईलाही बरोबर घेतलं, आणि सून मागोमाग गेली. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर भला माणूस होता, पण त्याचा एक हात या रोग्याच्या नाडीवर आणि डोळा पुढच्या रोग्यावर असायचा. म्हातारीचा हात त्यानं टेबलापलीकडूनच पाहिला आणि थोरल्याला विचारलं, "दुखतं का त्यांना?"

"नाही," थोरला म्हणाला.

"किती दिवस आहे?"

"असेल थोडे दिवस. उन्हाळ्याचं काहीतरी असेल."

"चरबीची गाठ दिसते. या वयात अंगावर असं काहीबाही येतंच. उगाच भुई धोपटत बसू नका." डॉक्टर हसला. "आजी, झकास आहात तुम्ही."

आजी समोर बसल्या होत्या. त्यांना कान होते, जीभ होती, तो हात त्यांचाच होता. पण प्रश्न विचारला गेला मुलाला आणि उत्तर दिलं मुलानं. त्यांच्या वाट्याला आलं ते फक्त झकास असणं. सुनेला हे खटकलं असं म्हणावं, तर ते खरं नव्हे. तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण तिच्या माहेरीही असंच होतं, शेजारीही असंच होतं. वाचकांनी आपल्या घरातला मागच्या वेळचा दवाखाना आठवून पाहावा. म्हातारं माणूस खुर्चीवर असतं आणि बोलणं त्याच्या डोक्यावरून चाललेलं असतं. आपण त्याला काळजी म्हणतो.

मग शाळांचे गणवेश आले. वर्षातला तोच एक हंगाम; त्यात घरातल्या कुणाला शिंकायलाही फुरसत नसायची. निळ्या कापडाचे गठ्ठे पडद्यापलीकडे घरात शिरले, जेवायच्या जागेवर बाह्यांच्या चळती लागल्या. मास्तरीणबाई सगळ्यांच्या आधी बसायच्या आणि सगळ्यांच्या नंतर उठायच्या. गाठ आता कोटाच्या बटणाएवढी झाली होती. त्या तिच्यावर मऊ चिंधी गुंडाळायच्या आणि वरून बाही. "हंगाम संपला की दाखवू पुन्हा," थोरला म्हणाला. "तसं ते काही पळून जात नाही."

पण ते पळतच होतं. फक्त कुणाला पावलं ऐकू येत नव्हती.

एका दुपारी सासू म्हणाली, "सूनबाई, माझ्या सदऱ्याचा डावा मुंढा काचतोय. जरा सोडून दे." मुंढा म्हणजे खांद्याशी बाही जिथं जोडतात तो घेर. सुनेनं शिवण उसवली, आतलं जादा कापड सोडलं, पुन्हा टीप मारली. एकाच बाजूचा मुंढा का काचावा, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि सुईत दोरा ओवताना निसटून गेला. गणवेशाचा शेवटचा गठ्ठा गेला त्याच आठवड्यात सासू परत आली. "काचतोयच गं." आता सोडायला आत कापडच उरलं नव्हतं.

"हात वर करा," सून म्हणाली, आणि तिनं बगलेखालून टेप घेतली.

बोटांच्या मागच्या बाजूला काहीतरी लागलं. टणक. सुपारीएवढं. तिचा हात क्षणभर तिथंच थांबला. आरशात दोघींची नजर एक झाली, आणि दोघीही गप्प राहिल्या. एकीनं नियम शिकवला होता, दुसरीनं पाळला. सुनेच्या तोंडून निघालं ते एवढंच, "कळी घालते."

कळी म्हणजे बगलेत बसवायचा पानासारखा तुकडा. हात मोकळा व्हावा म्हणून घालतात. सुनेनं त्याच रंगाचं कापड हुडकलं, तिरप्या धाग्यावर बेतलं आणि इतक्या सफाईनं बसवलं, की कुठं जोड आहे ते शोधून सापडू नये. सासूनं सदरा घालून हात वर-खाली केला, चष्म्यातून शिवण निरखली. "हात चांगला बसलाय तुझा," ती म्हणाली. उभ्या आयुष्यात सुनेचं तिनं तोंडावर केलेलं हे पहिलं कौतुक. त्या रात्री सून चांगली झोपली, आणि याची लाज तिला आजतागायत वाटते.

सदरा पुन्हा सैल झाला होता. आत काय वाढतंय हे आता कापडही सांगेनासं झालं.

बिंग फुटलं ते एका पांढऱ्या कोटामुळे. गिऱ्हाइकाचा कोट मांडीवर घेऊन मास्तरीणबाई अस्तर लावत होत्या. सून पलीकडे बेतत होती. अचानक सासू ताडकन उठली आणि कोट तिनं लांब धरला. शुभ्र कापडावर लाल डाग पडला होता, आणि तो पसरत होता. बाही भिजली होती. पन्नास वर्षांत कुणाच्या कापडावर तेलाचा थेंब पडू न दिलेली ती बाई रक्ताकडे न पाहता कोटाकडे पाहत म्हणाली, "अरे देवा, दुसऱ्याचं कापड."

सुनेनं नवऱ्याला विचारलं नाही. कोट टेबलावर टाकला, सासूला चपला घातल्या आणि कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

ही डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून पुढे आणली, म्हातारीचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि म्हणाली, "आजी, तुम्हीच सांगा. पहिल्यांदा कधी दिसलं?"

मास्तरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. उत्तर आपण द्यायचं, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग त्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात. थंडी सरताना दिसलं. आधी मसुराएवढं होतं. भराभर वाढलं. दुखलं नाही कधी, खाजलं नाही. खिडकीतलं ऊन याच हातावर पडतं. बगलेतही आहे एक. हे शेवटचं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

डॉक्टरीण ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. तिनं दोन्ही बगला तपासल्या, मान चाचपली, गाठीचा तुकडा त्याच दिवशी काढून तपासणीला पाठवला. तपासणीवाल्यांनी आणखी वेगळे रंग देऊन तो पुन्हा पाहिला, कारण असं रोज काही त्यांच्या काचेखाली येत नाही.

अहवाल आला त्या दिवशी थोरला बरोबर गेला. आईला बाहेरच्या बाकावर बसवून तो आत शिरला, मागोमाग सून.

"आजींना आत घ्या ना," डॉक्टरीण म्हणाली.

"नको. काय ते मला सांगा."

तिनं अहवाल मिटून ठेवला. मग थोरला रडवेला झाला, हात जोडू लागला, तेव्हा तिनं सांगितलं. कातडीतल्या मर्केल नावाच्या पेशींचा कर्करोग. फार थोड्यांना होतो, बहुतेक म्हाताऱ्या माणसांना, आणि बहुधा जन्मभर ऊन खाल्लेल्या जागी. "तो दुखत नाही, हीच त्याची लबाडी. साधी गाठ म्हणून वेळ जातो, आणि याला वेळ फार थोडा लागतो. जवळच्या गाठींमध्ये उतरतो, तिथून आत. बगलेत तो पोचलाय. बटणाएवढा होता तेव्हा आला असता, तर गोष्ट निराळी होती. आताही उपाय आहेत. शस्त्रक्रिया, किरणं, सलाइनमधून द्यायचं नवं औषध. पण पुढचं आजींनी ठरवायला हवं. त्यांना सांगणार ना तुम्ही?"

"सांगतो," थोरला म्हणाला.

त्यानं सांगितलं ते धाकट्याला, फोनवर. दुपारी आई जरा आडवी झाली असताना, पडद्याआड, दबक्या आवाजात. धाकटाही हुंदके देत होता. पिकलं पान आहे, या वयात कापाकापी कशाला, तिला कळलं तर ती धसक्यानंच जाईल, उरलेले दिवस सुखात जाऊ देत, असं दोघा भावांनी मिळून ठरवलं. दोघांचंही आईवर जिवापाड प्रेम होतं, हे इथं सांगायलाच हवं. हा दुष्टपणा दुष्टांच्या घरात होत नाही. तो प्रेमळांच्या घरात होतो, म्हणून तर दिसत नाही.

"आईला सांगायचं, साधी गाठ आहे, मलम लावायचंय," थोरल्यानं बायकोला बजावलं. "तू तोंड उघडायचं नाहीस."

"अहो, पण त्यांचा..."

"माझी आई आहे ती."

तोंड बंद. हे तर तिला येतच होतं.

त्या दिवसापासून घरावर एक विचित्र गोडवा पसरला. थोरला आईला यंत्रावर बसू देईना. उशी आण, पंखा लाव, फळं काप. शेजारीपाजारी येऊन उगाच पाठीवर हात फिरवून जात. मास्तरीणबाई खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसायच्या, मलम लावून घ्यायच्या, आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे चष्म्यावरून पाहायच्या. कुणी खोलीत आलं की आतलं बोलणं थांबायचं. सून चुलीपाशी उभी राहून रडायची आणि डोळे पुसून बाहेर यायची. गाठ दिवसागणिक वाढत होती, आणि घर तिच्याभोवती हळू आवाजात वावरत होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी थोरला बाहेर गेला होता. दुकानाचं दार ओढलेलं, खिडकी उघडी. मास्तरीणबाई उठल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात आडवे धरले.

"सूनबाई, माप घे माझं."

"कशाला आता, आई?"

"नवा सदरा शिवायचाय. घे."

तिनं टेप घेतली. खांदा घेतला, आकडा सांगितला. पाठ घेतली, आकडा सांगितला. बगलेशी आली आणि थांबली.

"सांग की."

तिनं आकडा सांगितला.

"आकडा नको मला," सासू म्हणाली. "हाताला काय लागतंय ते सांग."

सुनेनं टेप पुन्हा बगलेला लावली.

"अगं, गिऱ्हाइकाचा कोट बिघडवून ठेवला की आपण कसं गोडगोड बोलतो? बसा, पाणी घ्या, उद्या नक्की. तसं बोलतंय हे घर माझ्याशी. काय बिघडलंय माझं? तो नियम मीच घातला होता ना? मग मीच मोडते. बोल."

टेप सुनेच्या हातातून खाली पडली. तिनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. नाव सांगितलं, बगलेचं सांगितलं, उपाय आहेत हे सांगितलं, भावांनी काय ठरवलं तेही. शेवटी म्हणाली, "आणि आई, मला त्या दिवशी हाताला लागलं होतं. कळी घालायच्या वेळी. मी बोलले नाही."

"मलाही ठाऊक होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचे हात अजूनही आडवेच होते, मापाला धरल्यासारखे. मग त्यांनी ते सुनेभोवती घेतले. "दोघीही गाढव आपण. सगळं घर गावाला वळसे घालतंय, अन् कळसा माझ्याच काखेत."

दोघी हसल्या, आणि मग खूप रडल्या.

थोरला परत आला तेव्हा आई कपडे करून, चपला घालून बसली होती.

"आई, तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास मला होणार, औषध मी घेणार, मरणार मी. मग विचारलंस कुणाला? धाकट्याला?" तिनं आवाज चढवला नव्हता. "गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्या पोराला विचारून मी कधी कापड कापलंय? बोल ना. मी म्हातारी झाले रे, मुकी नाही झाले."

थोरला खाली बसला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. पण निघायची घाई तिनं सोडली नाही.

गोष्ट इथं आनंदात संपवता आली असती. तसं झालं नाही. डॉक्टरीणबाईनं समोर बसवून मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं, त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि उपाय करायचं त्यांनीच ठरवलं. हातावरची गाठ गेली, बगलेतली काढली, किरणं झाली, सलाइनमधलं औषध झालं. मधला बराच काळ असा गेला, की त्या पुन्हा खिडकीशी बसून काज करू लागल्या. त्या काळात त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं, सुनेला कोटाचं सगळं बेतकाम शिकवलं, ज्यांच्याशी अबोला होता त्यांच्या घरी स्वतः जाऊन आल्या. मग डॉक्टरीण म्हणाली होती तसा कर्करोग आत उतरला, या वेळी यकृतात. पुढचं औषध नको, हेही त्यांनीच सांगितलं. कुणीही त्यांच्याऐवजी बोललं नाही. त्यांना नेलं तेव्हा अंगात तोच सदरा होता, कळी घातलेला. तोच घालायचा, असं त्या सांगून गेल्या होत्या.

बटणाएवढी असताना. हे सुनेच्या डोक्यातून जात नाही.

परवा एक तरणाबांड गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन दुकानात आला. वडिलांना कोट शिवायचा होता. म्हातारा टोपी काढून आरशासमोर उभा राहिला. सुनेनं गळ्याचं माप घ्यायला टेप मागून टाकली, आणि तिचा हात थांबला. कानाच्या मागं, केसांच्या कडेला, लालसर, चकचकीत, बटणाएवढं काहीतरी होतं.

"काका, हे कधीपासून आहे?"

"अहो, ते काही नाही," मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "वयाचं आहे ते."

"मी त्यांना विचारलं," सून म्हणाली.

मुलानं चमकून वर पाहिलं. गिऱ्हाईक जाईल की काय, म्हणून थोरल्यानं पलीकडून यंत्र थांबवलं. पण त्यानं तिला अडवलं नाही. सुनेनं टेप गळ्यात अडकवली, खुर्ची ओढून म्हाताऱ्याच्या समोर घेतली आणि वाट पाहत बसली. म्हाताऱ्यानं आधी मुलाकडे पाहिलं, मग खिडकीशी रिकाम्या असलेल्या यंत्राकडे, मग तिच्याकडे.

"झाले बरेच दिवस," तो हळूच म्हणाला. "दुखत नाही ना, म्हणून कुणाला बोललो नाही."